पहिला हात वाळेपर्यंत

ऑइल पेंटचा पहिला हात मारला की पेंटरला करण्यासारखं काही उरत नाही. उन्हाळ्यात चार-सहा तास, पावसाळी हवा असली तर अख्खी रात्र. रंग वरून वाळल्यासारखा दिसतो, बोटाला लागतही नाही, पण आत ओला असतो. त्यावर घाईनं दुसरा हात मारला की खालचा थर उचलतो, सुरकुत्या पडतात, मग काचपेपर घेऊन सगळं खरवडा आणि पहिल्यापासून सुरू करा. त्यामुळे बसायचं. रस्त्यानं जाणारा एखादा हमखास विचारतो, "काय पेंटर, निवांत?" त्याला काय सांगणार.

या वेळात मी गेल्या दसऱ्यापासून रोज लिहितो. आज काय केलं, कसं केलं, कोण काय म्हणालं, एवढंच. त्यातलं जरा बरं असेल ते इथं, इंटरनेटवर टाकतो. हे कुठून सुचलं आणि रोज जमतं कसं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मी वाईत बोर्ड रंगवतो. दुकानांचे बोर्ड, शाळांच्या भिंती, ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाक्या, देवळांच्या कमानी, ऊस हंगामाआधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणूक आली की मिळेल ती भिंत. पूर्वी गाड्यांच्या नंबरप्लेटवर रोजचा खर्च निघायचा. चार-नऊ-एक-दोन हे इंग्रजी आकडे जरा वळवले की 'पवार' व्हायचं, चार-एक-चार-एकचा 'दादा'. नियमात बसत नव्हतं, तरी गिऱ्हाईक हट्टानं करून घ्यायचं आणि पोलिसांनी पकडलं की मलाच फोन करायचं. २०१९ पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट लागूनच येते. ते काम गेलं. फ्लेक्स तर त्याच्या कितीतरी आधी आला होता. फ्लेक्सनं पेंटर मारले हे खरं आहे, पण त्यावर इतकं बोलून झालंय की मी नवं काही सांगू शकत नाही.

वही माझ्याकडे होतीच. हिशेबाची, लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. तारीख, गिऱ्हाईक, माप, ठरलेले पैसे, आलेले पैसे. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता बाजारपेठेतले एक भुसार दुकानदार आले. शटर बदलताना त्यांच्या बोर्डाचा पत्रा वाकला होता, वरचा रंग पापुद्र्यांनी निघाला होता. म्हणाले, "पेंटर, होता तस्सा पाहिजे. वडिलांनी तुमच्याकडनंच करून घेतला होता." वडील आता नाहीत. वही काढली, नोंद सापडली. तारीख होती, 'भुसार, १० बाय ३' होतं, पैसेही होते. पण पिवळा कुठला पिवळा? लेमन की गोल्डन? अक्षरांची शेड, म्हणजे सावली, उजवीकडे होती का डावीकडे? कोपऱ्यातलं धान्याचं पोतं रंगवलं होतं ते तोंड उघडं का बांधलेलं? यातलं वहीत काही नाही. आमच्या धंद्यात असलं लिहून ठेवायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्या वस्तादांच्याही वह्या मी बघितल्यात, त्यातही माप आणि रक्कम.

शेवटी त्यांच्या घरातून एक लग्नातला फोटो निघाला. वरात दुकानासमोरनं चाललीय, नवरदेवाच्या फेट्यामागं बोर्डाचा डावीकडचा भाग. पोतं बांधलेलं होतं. शेड उजवीकडे. पिवळा मात्र फोटोत उडालेला, तो मी दुकानदाराच्या आईला विचारून ठरवला. त्या म्हणाल्या, "हळदीचा होता रे, आपल्या हळदीचा." वाईच्या माणसाला एवढं पुरतं. गोल्डन यलोत लालचे दोन थेंब.

त्या रात्री वहीचं उजवं पान मोकळं सोडलं. डावीकडे हिशेब, उजवीकडे बाकी सगळं.

आता मोकळं पान समोर आलं की माणसाला मोठं काहीतरी लिहावंसं वाटतं. मलाही वाटलं. पहिल्या काही दिवसांत मी 'कला म्हणजे साधना' असल्या वळणाचं बरंच लिहिलं. वाचून बघितलं तर जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत! बोलक्या भिंती म्हणून एक प्रकार असतो. वर्गाच्या बाहेरून पाढे, नकाशा, फळांची चित्रं, आणि मधल्या जागेत सुविचार. मी त्या तालुकाभर रंगवल्यात. 'वाचाल तर वाचाल', 'झाडे लावा झाडे जगवा', 'स्वच्छता हीच सेवा'. चौरस फुटाच्या दरानं. सुविचाराची किंमत मला जितकी नेमकी माहीत आहे तितकी दुसऱ्या कुणाला नसेल. गुरुजी सांगतात, "इथं तीन फूट मोकळं राहिलंय, एखादा सुविचार टाका." मी टाकतो. भिंत भरते.

तेव्हा ठरवलं, भिंतीवर शोभेल असं वाक्य आलं की काट मारायची. हा एकच नियम मी अजून पाळतो. नियम पाळायला लागल्यावर पहिले काही दिवस पान जवळजवळ कोरंच राहिलं, आणि मग हळूहळू खरं काम त्यात उतरायला लागलं.

एक पान इथं जसंच्या तसं सांगतो, म्हणजे मी काय लिहितो ते कळेल.

दुचाकी दुरुस्तीच्या दुकानाचा बोर्ड होता. वर मोठ्या अक्षरात 'गुरुकृपा', खाली 'टू व्हीलर सर्व्हिसिंग सेंटर'. पत्रा आठ फूट बाय अडीच. पत्र्याला प्रायमर, मग पांढऱ्याचे दोन हात, मग निळीत बुडवलेली दोरी ताणून झटका दिला की सरळ रेघ उमटते. एक रेघ अक्षरांच्या डोक्याची, एक पायाची. नवीन पोरांना इथंच फसायला होतं, कारण आपल्या अक्षरांचं सगळं या दोन रेघांत मावत नाही. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. त्यांची जागा आधी धरावी लागते.

'गुरुकृपा' बघा. डोक्यावर काहीच नाही, अगदी सपाट. पण पायाला गुचा उकार आणि कृचा ऋकार. रुचा उकार कडेला असतो, तो कुणाला त्रास देत नाही. खालची ओळ नेमकी उलटी. व्हीची वेलांटी, र्व्हिची वेलांटी आणि शिवाय वर रफार, सिंची वेलांटी आणि शिवाय अनुस्वार, सेंची मात्रा आणि अनुस्वार. म्हणजे वरच्या ओळीचे पाय लोंबतात आणि खालच्या ओळीची डोकी वर येतात. खडूनं मांडून बघितलं तर गुचा उकार बरोबर व्हीच्या वेलांटीत अडकला, आणि कृचा ऋकार सिंच्या अनुस्वारावर. दोन ओळी एकमेकींपासून लांब घ्याव्यात तर अक्षरं बारीक होतात, आणि मालकाला तर रस्त्याच्या पलीकडनं दिसायला पाहिजे.

तासभर खडू आणि फडकं. शेवटी खालची अख्खी ओळ वीतभर उजवीकडे सरकवली. सगळे पाय मोकळ्या जागेत उतरले. पण डावीकडे वीतभर पांढरं उरलं, ते भकास दिसायला लागलं. तिथं आडवा पाना काढला, काळा, मध्ये पांढऱ्याची चमक मारून.

मालक आला, बघितला, म्हणाला, "पान्याची आयडिया भारी सुचली तुम्हाला."

मी "हो" म्हणालो. वहीत मात्र खरं लिहिलं, की पाना वेलांटीमुळं आला. मला वाटतं रोज लिहायचं ते याच्यासाठी. काम झाल्यावर सगळ्यांना वाटतं की माणसाला काहीतरी सुचलं. दोन दिवसांनी आपल्यालाही तसंच वाटायला लागतं. त्या दिवशी, खडूचा हात धुवायच्या आधी लिहिलं तरच कळतं की अडचण कुठली होती आणि आपण त्यातनं कसे निसटलो. पुढच्या वेळी 'श्रीकृष्ण' वर आणि 'हॉटेल' खाली आलं की मागचं पान काढून बघता येतं.

मागची पानं वाचायला लागल्यावर एक जास्तीचा फायदा झाला. मी बोर्ड कुठल्या दिशेला तोंड करून आहे तेही लिहायचो, उगीचच, सवय म्हणून. बाजारपेठेतनं जाता-येता आपले बोर्ड बघायची तर सवय आहेच. दोन्ही जुळवून बघितलं तर पश्चिमेला तोंड असलेल्या बोर्डांवरचा लाल सगळ्यात आधी उडतो. गुलाबी पडतो, मग विटकरी, मग कळकट. काळ्याला काही होत नाही. आणि गिऱ्हाईकाला तर लालच हवा असतो, लांबून उठून दिसतो म्हणून. आता मी पश्चिमेच्या बोर्डावर लालला काळी आउटलाइन देतोच, विचारत नाही. लाल उडाला तरी नाव वाचता येतं. जुने पेंटर हसतील, त्यांना हे माहीत असणार. पण त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आणि मला ते वहीनं सांगितलं.

शूटिंगच्या कामाबद्दल लिहिलेली पानं सगळ्यात जास्त वाचली जातात, म्हणून तेही सांगतो. वाई-मेणवलीचा घाट, वाडे, गल्ल्या हिंदी सिनेमात कितीदा येऊन गेल्या. गाव बहुतेक वेळा बिहारचं नाहीतर यूपीचं असतं. आर्ट डिपार्टमेंटची पोरं यादी घेऊन येतात. मिठाईचं दुकान, पोलीस ठाणं, प्राथमिक विद्यालय, दोन-चार औषधांच्या जाहिराती. उद्या सकाळी पाहिजे. पैसे बरे, जेवण चांगलं. यात गंमत अक्षरांची. मराठीतला ल दोन पाकळ्यांचा, हिंदीतला दांड्याचा. शचं वळणही वेगळं. आपल्या शासनानं २००९ साली वर्णमालेचा आणि अक्षरवळणांचा निर्णय काढला, त्यात या दोन अक्षरांची मराठी वळणं कुठली ते सांगितलंय. शाळेच्या भिंतींसाठी मला त्याची प्रत एका केंद्रप्रमुखांनी दिली होती. शूटिंगसाठी नेमकं त्याच्या उलट करायचं. हात इतका बसलेला असतो की ठरवूनही मराठी ल येतो. मी खडूनं लिहितानाच सगळ्या ल-श वर फुली मारून ठेवतो.

अक्षरं झाली की बोर्ड जुना करायचा. नव्या रंगावर काचपेपर, मग काळपट तपकिरी टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून फडक्यानं पुसायचा, कोपऱ्यात जरा जास्त. खिळ्यांच्या खाली गंजाचे ओघळ. पावसाचं पाणी कुठनं येईल ते ठरवून ओघळ त्याच बाजूला. हे काम खऱ्या बोर्डापेक्षा जास्त वेळ खातं आणि जास्त पैसे देतं.

अशाच एका शूटिंगच्या वेळी बाजारपेठेत माझा एक अस्सल जुना बोर्ड उतरवून फ्लेक्स लागला. पत्रा भंगारात चाललेला. आर्टच्या पोरानं बघितला, वेडाच झाला. "दादा, ये तो एकदम रियल है." भंगारवाल्याला पैसे देऊन उचलून घेऊन गेला. संध्याकाळी परत आणून टाकला. साहेबांनी नापास केला म्हणे. ल मराठी होता.

तो बोर्ड आता माझ्या शेडमध्ये आहे. वरती रंगाचे डबे ठेवतो.

घरच्यांचं मत सांगायचं राहिलं. माझी बायको अंगणवाडी सेविका आहे. मी लिहायला लागलो तेव्हा पंधरा-वीस दिवस ती काही बोलली नाही. मग एकदा रात्री दोघं समोरासमोर बसलो होतो, मी वही घेऊन, ती मोबाइल घेऊन. पोषण ट्रॅकरवर पोरांची वजनं भरत होती, रेंज येत नव्हती. म्हणाली, "तुम्ही आत्ता लिहायला लागलात तर गावभर सांगताय. मी लग्नाआधीपासून रोज लिहितेय. आधी रजिस्टरांचा गठ्ठा होता, २०२१ पासून हे ॲप. हजेरी, वजन, उंची, आहार. कोण वाचतं सांगा?"

मी म्हणालो, "सरकार वाचतं."

"सरकार भरलं का नाही ते बघतं. वाचत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण नंतर मी तिला विचारलं, की रजिस्टरच्या बाहेर काही राहतं का. तिनं बराच वेळ सांगितलं. कुठलं पोर खिचडीतले वाटाणे खिशात भरून धाकट्या बहिणीला नेतं, कुठली आजी वजनकाट्यावर पोराला उभं करायच्या आधी त्याचे बूट काढू देत नाही म्हणजे वजन जास्त येईल. मी म्हटलं, "हे लिही." ती म्हणाली, "याला रकाना नाही." आता ती सांगते आणि मी माझ्या उजव्या पानावर लिहितो. ते इथं टाकत नाही, तिनं हो म्हणेपर्यंत टाकणारही नाही.

आमच्याकडे मोडी शिकवणारे एक निवृत्त कारकून आहेत. त्यांच्या घराच्या नावाची पाटी मी केली, मोडीत आणि बाळबोधीत. मोडी मला येत नाही, त्यांनी कागदावर काढून दिलं आणि मी वळण उचललं. त्यांना वहीबद्दल सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तुझी रोजकीर्द झाली की." पेशवे दफ्तरात रोजकीर्दी आहेत. तारखेवार नोंदी, कुणाला काय दिलं, काय खर्च पडला, कुणाच्या नावे काय हुकूम सुटला. मन मोकळं करायला कुणी त्या लिहिल्या नाहीत, आणि तरी त्या काळी माणसं कशी जगत होती हे शोधायचं तर अभ्यासक त्यांच्याकडेच जातात. नाना फडणवीसांचा वाडा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, मेणवलीला. त्यांच्या घरचेही कागद मेणवली दफ्तर म्हणून प्रसिद्ध आहेत. कारकुनांचं म्हणणं असं की फडणीस माणूस, हिशेब लिहिणारा, त्यामुळे कागद नीट राहिले. हे खरं का कारकुनांचा कारकुनांविषयीचा अभिमान, ते मी ठरवू शकत नाही. पण मला त्यांचं बोलणं आवडलं. हिशेबाच्या वहीतनं सुरुवात झाली याची जी जरा लाज वाटायची ती गेली. तशी आमच्या गावाला बैठकीच्या कामाची सवय आहेच. मराठी विश्वकोशाचं कार्यालय इथंच. पहिला खंड १९७६ ला आला आणि एकेक नोंद करत करत वीस झाले.

आता रोज जमतं कसं. एक तर माझं काम रोज असतं, म्हणजे सांगायला काही ना काही असतं. दुसरं, मी लिहायची वेळ ठरवलेली नाही. पहाटे उठून लिहा म्हणणारे बरेच व्हिडिओ बघितले. पहाटे मी उन्हाच्या आधी परांचीवर असतो, भिंत तापली की रंग ओढत नाही. माझी वेळ रंग ठरवतो. कधी अकराला पाऊण तास मिळतो, कधी चारला. वही झोळीत असते, पेन्सिल कानावर.

मोबाइलवर थेट लिहायचा प्रयत्न केला होता. अंगठ्याला रंग, टर्पेंटाइननं कातडं गुळगुळीत झालेलं, मोबाइल अंगठा ओळखतच नाही. मग बोलून टाइप केलं. 'वेलांटी' म्हटलं की 'व्हॅलेंटाइन' यायचं. 'र्व्हिची वेलांटी'चं काय झालं ते इथं सांगण्यासारखं नाही. तेव्हा पेन्सिलच. माझं पेन्सिलीचं अक्षर मात्र अतिशय वाईट आहे. लोकांना खरं वाटत नाही, पण ब्रशनं अक्षर काढणं आणि हातानं लिहिणं यांचा काही संबंध नाही. ब्रशनं मी चित्र काढतो, त्याचा आवाज 'क' असा होतो एवढंच. रविवारी मुलगी वही वाचून टाइप करून देते. तिला जे वाचता येत नाही ते ती गाळते, आणि काही वेळा ते बरंच होतं.

आषाढात काम नसतं. कृष्णेचं पाणी घाटावर चढलेलं, ढोल्या गणपतीला जाणारे छत्र्या सांभाळत जातात, पत्र्यावर रंग धरत नाही. तेव्हाही मी लिहिलं. पहिल्या दिवशी लिहिलं 'आज काम नाही'. दुसऱ्या दिवशी तेच लिहायला कंटाळा आला म्हणून ब्रशांबद्दल लिहिलं. चपटे किती, गोल किती, कुठल्याचे केस फाकलेत. रॉकेलमध्ये धुऊन, फडक्यानं पुसून, थोडं तेल लावून बोटानं टोक करून ठेवायचे, म्हणजे केस ताठत नाहीत. त्यातला एक ब्रश वस्तादांचा. तो इतका झिजलाय की फक्त शच्या पोटातल्या वळणाला चालतो, पण तिथं दुसरा कुठलाच चालत नाही. त्या ब्रशवर दोन पानं झाली. काम असतं तर ती लिहून झाली नसती.

मराठी पाट्यांचाही एक हंगाम येऊन गेला. २०२२ साली कायदा बदलला, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत पाटी आली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही असं ठरलं. पुढं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, त्या बातमीनं इकडचेही काही जागे झाले. बाजारपेठेत फारसं काही करावं लागलं नाही, तिथं मराठीच होतं. पण पाचगणीच्या रस्त्याला सगळीकडे इंग्रजी. कुणाचं 'व्ह्यू', कुणाचं 'व्हॅली', कुणाचं 'हिल टॉप'. तेच सगळं देवनागरीत लिहून दिलं. व्ह लिहून लिहून हात दुखला. मालक म्हणाला, "झालं मराठी?" मी म्हटलं, अक्षर तर झालं. कायदा तेवढंच मागतो.

कुणाचं नाव मी लिहीत नाही. गाव लहान आहे. कुणी पैसे थकवले, कुणी भावाच्या बोर्डापेक्षा आपला एक इंच मोठा मागितला, कुणी भागीदाराचं नाव रात्रीतनं पुसून घेतलं, हे सगळं वहीत आहे आणि वहीतच राहील. इथं फक्त अक्षरं, रंग आणि बोलणं. तेवढ्यावरनंही लोक ओळखतात, आणि चुकीचं ओळखतात, आणि मग भलताच माणूस येऊन माझ्यावर रागावतो.

परवा एक टायरवाले आले. बोर्ड ठरला, माप झालं, दर झाला. मग म्हणाले, "तुम्ही इंटरनेटवर लिहिता म्हणे. आमच्याबद्दल लिहा की, नावानिशी. जाहिरात होईल."

म्हटलं, नावं टाकत नाही.

"मग बोर्डाचे पाचशे कमी करा."

"का?"

"जाहिरात नाही ना होणार."

अर्धा तास यावर घासाघीस झाली. माझी बाजू बरोबर आहे हे मला पक्कं माहीत होतं, पण ती मांडता येईना. शेवटी दोनशे सोडले. घरी येऊन सांगितलं तर बायको वजनं भरता भरता म्हणाली, "न लिहिण्याचे दोनशे गेले ना? आता लिहिण्याचे किती देतात ते त्यांनाच विचारून या."